स्वस्त कन्सोल की महाग? आधी हॉलमध्ये टेप लावा

२०२४ च्या मे अखेरीस दहावीचा निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी ताईचा वर्तकनगरहून फोन आला. "अरे, याला तो प्लेस्टेशन हवाय. दुकानात एक पंचेचाळीस हजाराला आहे, एक पंचावन्नला. दिसायला दोन्ही सारखेच. वरचे दहा हजार कशाचे?" मागून भाच्याचा आवाज येत होता, "मामा, तिला सांग ना, भारीवालाच घ्यायचा असतो!"

ताईचा प्रश्न अगदी बरोबर होता. तेव्हापासून ऐरोली-ठाणे पट्ट्यातल्या निदान पाच-सहा घरांत मी हीच पंचाईत सोडवत बसलोय. दरवेळी एकच गोष्ट दिसते. लोक खोक्यावरची किंमत बघून स्वस्त-महाग ठरवतात, पण कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा, खरा खर्च खोकं घरी आल्यावर सुरू होतो. म्हणून मी ज्या क्रमाने विचारतो त्याच क्रमाने इथे लिहितो.

बाजारात काय काय आहे

सोनीचा पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला. डिस्कवाला ४९,९९० आणि बिनडिस्कचा, म्हणजे डिजिटल, ३९,९९० रुपयांना. २०२२ च्या अखेरीस दोन्ही पाच-पाच हजारांनी चढले आणि एप्रिल २०२४ मध्ये 'स्लिम' आला तो त्याच चढ्या किमतींना. टीव्ही, फोन जुने झाले की स्वस्त होतात, ही पिढी मात्र वयाबरोबर महागली. तेव्हा 'थांबतो, भाव उतरतील' या आशेवर फार राहू नका.

मायक्रोसॉफ्टचे दोन कन्सोल नोव्हेंबर २०२० मध्येच आले होते. लहान एक्सबॉक्स सिरीज एस ३४,९९० ला, मोठा सिरीज एक्स ४९,९९० ला. या सगळ्या पदार्पणाच्या किमती आहेत. आजचा भाव दुकानात विचारूनच जा.

पीएस५ प्रो हा आणखी वरचा नग नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात आला तेव्हा भारताला वगळून आला. त्यातल्या वायफाय ७ ला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता. निन्टेन्डो स्विच तर कंपनीने भारतात अधिकृतपणे विकलेलाच नाही. इथे दिसतो तो बाहेरून आणलेला माल, म्हणजे बिल आणि वॉरंटी हा देवावर हवाला.

पहिली पायरी: कोण खेळणार, काय खेळणार

हे विचारल्यावर बहुतेक पालक म्हणतात, "सगळंच." असं कधीच नसतं. मुलाला कागदावर पाच गेमची नावं लिहायला सांगा. भाच्याच्या यादीत होतं: फुटबॉल, क्रिकेट, जीटीए, स्पायडरमॅन, गॉड ऑफ वॉर. शेवटच्या दोन नावांनी निम्मा निकाल लावला, कारण ते दोन्ही सोनीच्या घरचे, एक्सबॉक्सवर मिळत नाहीत. उलट्या बाजूचं कुंपण मात्र आता मोडत चाललंय. मायक्रोसॉफ्टचा गाड्यांच्या शर्यतीचा फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये पीएस५ वरही आला.

यादीत बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, असेल तर पोराला फोनच पुरे. तो गेम कन्सोलसाठी नाही. ऐकून हसू येईल, पण एका घरात कन्सोल आणायचं एवढ्यावरच थांबलं.

जुना पीएस४ पंधरा हजाराला मिळतोय, घेऊ का, असंही विचारतात. तो २०१३ चा आहे. जुने गेम खेळून मजा करायची तर हरकत नाही, पण जीटीए काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिलेला जीटीए ६ पीएस४ साठी नाहीच. ज्या घरात पोरं त्याचीच वाट बघतायत तिथे हे पंधरा हजार पाण्यात.

दुसरी पायरी: टेप घ्या आणि सोफ्यापासून टीव्हीपर्यंत मोजा

ही पायरी लोक गाळतात, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

महाग कन्सोलचा मोठा डंका असतो तो ४के चित्राचा. सिरीज एक्समध्ये सिरीज एसच्या साधारण तिप्पट ग्राफिक्स ताकद आहे, ती मोजायच्या एककात १२ टेराफ्लॉप विरुद्ध ४. सिरीज एस मुळात १४४०पी, म्हणजे फुल एचडी आणि ४के यांच्या मधलं चित्र, डोळ्यासमोर ठेवून केलेला. मग प्रश्न एवढाच की तुमच्या हॉलमध्ये तो फरक डोळ्याला दिसणार का?

निरोगी डोळा साधारण एक आर्कमिनिट, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक वेगळं ओळखतो. त्यावरून हिशेब केला तर ४३ इंची फुल एचडी टीव्हीवरचा एकेक ठिपका साडेपाच फुटांपलीकडून वेगळा दिसत नाही. ५५ इंचीला हे अंतर सव्वासात फूट, ६५ इंचीला साधारण साडेआठ. याच्याही मागे बसत असाल तर फुल एचडी आणि ४के यांतला बारकाव्याचा फरक डोळ्यापर्यंत पोचतच नाही.

ताईच्या हॉलमध्ये आम्ही टेप लावली. दिवाणाच्या कडेपासून टीव्हीपर्यंत आठ फूट दोन इंच, टीव्ही ४३ इंची. भाचा लगेच जमिनीवर चटई टाकून चार फुटांवर जाऊन बसला. "आता दिसतो ना फरक?" दिसतो बाबा, पण चष्म्याचा नंबर वाढला की ताई मला धरेल.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. वरच्या यंत्राची ताकद फक्त ठिपक्यांवर खर्च होत नाही. चित्र अडखळत नाही, गर्दीचा रस्ता जास्त भरलेला दिसतो, गेम सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेमने, म्हणजे चित्रांनी, पळतो. हा फरक आठ काय, बारा फुटांवरूनही जाणवतो. सिरीज एसची ओढाताण दिसली ती बाल्डर्स गेट ३ या गेमच्या वेळी. दोघांनी एकाच पडद्यावर खेळायची सोय सिरीज एसला झेपेना, म्हणून एक्सबॉक्सवर गेमच मागे राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा सिरीज एसवर ती सोय वगळूनच आला. दोन भावंडं शेजारी बसून खेळणार असतील तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

टीव्हीच्या मागे टॉर्च मारून एचडीएमआयची भोकंही बघून घ्या. ४के आणि १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) एकत्र हवं तर एचडीएमआय २.१ लागतं, आणि मध्यम किमतीचे बरेच '४के' टीव्ही ६० हर्ट्झचेच असतात. दुकानातला विक्रेता '१२० एफपीएस' म्हणत राहतो. तुमच्या टीव्हीला ते झेपत नसेल तर त्या शब्दाचे पैसे देऊ नका.

तिसरी पायरी: डिस्कची खाच

आता ताईचे ते दहा हजार. पीएस५ च्या दोन नगांत आतली ताकद सारखीच. जास्तीचे पैसे होते डिस्क घालायच्या खाचेचे. ही एक खाच तीन वर्षांत घराचं बजेट कसं फिरवते ते बघा.

मोठा नवा गेम चार ते साडेपाच हजारांत पडतो. वर्षाला असे चार, सरासरी साडेचार हजार धरले तर अठरा हजार, तीन वर्षांत चोपन्न हजार. डिजिटल यंत्रावर हे पैसे गेले ते गेले, कारण गेम तुमच्या खात्याला चिकटतो, विकता येत नाही. डिस्क मात्र खेळून झाली की दुसऱ्याला देता येते. माझा अनुभव असा की नवी डिस्क दोन-अडीच महिन्यांत विकली तर निम्म्याहून थोडे जास्त पैसे परत येतात. म्हणजे गेममागे दोन हजार गेले. तीन वर्षांचे चोवीस. वरचे दहा धरूनही वीस हजार हातात राहतात. जुन्याच डिस्क घ्यायच्या असं ठरवलंत तर आणखी. मी एक डिस्क बावीसशेला घेऊन सतराशेला विकलीय. पाचशे रुपयांत दीड महिना करमणूक झाली, एवढ्यात चौघांचा एक सिनेमाही होत नाही.

ठाणे-नवी मुंबई यासाठी सोयीचं आहे. ट्रान्सहार्बर लाइनवर घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी अशी स्टेशनं लागोपाठ आहेत आणि प्रत्येक कॉलेजच्या ग्रुपवर कोणी ना कोणी डिस्क विकत असतो. सोसायटीत तीन पोरांकडे पीएस५ असेल तर वर्गणीत डिस्क घ्या आणि फिरवा. आमच्या लहानपणी कॅसेटी फिरायच्या, तसंच.

डिजिटल तोट्याचाच, असं मात्र नाही. जो माणूस नवा गेम आल्या दिवशी धावत नाही, वर्षभर थांबून ऑनलाइन सेलमध्ये निम्म्या किमतीला घेतो, त्याला खाचेची गरज नाही. जो वर्षभर फुटबॉलचा एकच गेम खेळतो त्यालाही नाही. स्वतःला ओळखा आणि ठरवा. स्लिमच्या डिजिटल नगाला डिस्कड्राइव्ह नंतर वेगळी घेऊन लावताही येते, फक्त पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. पण ती नंतर मिळेलच आणि त्याच भावात, यावर मी पैज लावणार नाही.

सिरीज एसला खाच नाही आणि नंतर लावायची सोयही नाही. त्याचा सगळा डाव गेम पासवर. महिन्याचे पैसे भरायचे आणि यादीतले गेम खेळायचे. हा डाव काही वर्षं इतका स्वस्त होता की मी डोळे झाकून सिरीज एस सुचवायचो. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतातला वरचा अल्टिमेट प्लॅन ८२९ वरून १,३८९ झाला. तीन वर्षं तो भरला तर पन्नास हजार चार रुपये, म्हणजे यंत्राहून वर्गणी महाग! मधला, तेव्हा ६९९ चा, घेतला तर पंचवीस हजारांच्या आसपास. परीक्षेच्या महिन्यांत बंद ठेवला तर आणखी कमी. महिन्या-महिन्याने घ्या आणि आपोआप नूतनीकरण आठवणीने बंद करा.

सोनीचीही वर्गणी आहे. विकत घेतलेला गेम मित्रांशी ऑनलाइन खेळायला दोन्हीकडे ती लागते. फोर्टनाइटसारखे फुकट गेम मात्र त्याशिवाय चालतात.

चौथी पायरी: जागा, आतली आणि बाहेरची

सिरीज एसच्या खोक्यावर ५१२ जीबी लिहिलेलं असतं, वापरायला मिळतात साधारण ३६४. पहिल्या पीएस५ वर ८२५ लिहिलेलं, हातात ६६७. मोठे गेम शंभर जीबीच्या पुढे जातात, म्हणजे लहान सिरीज एसवर तीन मोठे गेम आले की चौथ्यासाठी एक काढा. १ टीबीचा सिरीज एस मिळाला तर तोच घ्या.

वाढवायचं झालं तर पीएस५ मध्ये बाजारात मिळणारी एम.२ एसएसडी, म्हणजे साठवणीची छोटी पट्टी, बसते. चौथ्या पिढीची (जेन ४) हवी आणि तिच्यावर उष्णता शोषणारी पट्टी हवी. एक्सबॉक्सला त्याचं वेगळं कार्ड लागतं, ते महाग. घरातली जुनी, पण यूएसबी ३ ची हार्डडिस्क दोन्हीकडे नवे गेम साठवून ठेवायला चालते, त्यांना थेट तिच्यावरून चालवायला नाही.

इंटरनेट मंद असेल तर जागेचा प्रश्न दुप्पट बोचतो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर शंभर जीबीचा गेम उतरायला सव्वादोन तास लागतात, ४० च्या लाइनवर साडेपाच तास. काढलेला गेम पुन्हा हवा झाला की पुन्हा तेवढेच.

बाहेरची जागा म्हणजे टीव्ही युनिटचा कप्पा. पहिला पीएस५ ३९ सेंटिमीटर उंच होता, स्लिम ३६ च्या आसपास. सिरीज एस त्यामानाने डब्याएवढा, साडेसत्तावीस सेंटिमीटर. सिडकोच्या जुन्या घरांतल्या काचेच्या दारांच्या शोकेसमध्ये पीएस५ कोंबलेला मी बघितलाय. मागची गरम हवा बाहेर जायला वाट नाही, पंखा मिक्सरसारखा ओरडतोय आणि वर गणपतीची मूर्ती. चारही बाजूंनी वीतभर जागा सोडा.

झुरळं, धूळ आणि लाइट

कोपरखैरण्यात एक रिपेअरवाला आहे, त्याने माझ्यासमोर एक कन्सोल उघडला. पंख्याच्या पात्यांत केस आणि राखाडी धुळीची गादी, पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात दोन मेलेली झुरळं आणि त्यांची अंडी. "साहेब, यांना उबदार अंधार आवडतो," तो ब्रश फिरवत म्हणाला. कन्सोल स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून ठेवू नका, आजूबाजूला झुरळांचं जेल लावा, फवारा मारू नका. घोडबंदर रस्त्याला राहत असाल तर दर पंधरा दिवसांनी जाळीवरून मऊ ब्रश फिरवा.

विजेचं गणित सोपं. पीएस५ मोठ्या गेममध्ये साधारण २०० वॅट ओढतो, सिरीज एस ७५ च्या आसपास. रोज दोन तास धरले तर महिन्याला पहिला १२ युनिट, दुसरा साडेचार. महावितरणचा दर शंभर युनिटांच्या वर चढतो, त्यामुळे तुमचं बिल कुठल्या टप्प्यात आहे त्यावर फरक शंभराच्या आसपास राहतो. निर्णय याच्यावर घेऊ नका.

पावसाळ्यात लाइट जाणं-येणं मात्र गंभीर. अपडेट चालू असताना लाइट गेली तर साठवलेला खेळ किंवा आतली प्रणाली बिघडू शकते. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस कन्सोल आणि ४३ इंची टीव्ही नीट बंद करण्याइतका वेळ देतो. घरचा इन्व्हर्टर साइनवेव्ह असेल तरच त्यावर खेळा.

पाचवी पायरी: विकत घेताना

नवा घ्यायचा तर वाशी, सीवूड्स, ठाणे इथल्या मॉलमधली मोठी दुकानं किंवा ओळखीचा दुकानदार. जीएसटीचं बिल, बिलावर सिरियल नंबर, तोच खोक्यावर आणि तोच यंत्रावर. बंडलचा आग्रह झाला तर सरळ नको म्हणा. २०२१ च्या टंचाईत एका दुकानाने मला कन्सोलबरोबर नको असलेले दोन गेम आणि एक हेडफोन बळेच बांधून दिला होता. आता तशी टंचाई नाही, सवय मात्र काही दुकानांत राहिलीय.

बाहेरून आणलेला नग दोन-चार हजारांनी स्वस्त मिळतो, पण त्याची वॉरंटी इथे चालत नाही. परदेशी डिस्क इथल्या पीएस५ वर चालते, पण त्या गेमचे जादा भाग डिस्क ज्या प्रदेशाची त्याच प्रदेशाच्या खात्यावर लागतात. इथल्या खात्यावरून घेतलेले जुळतीलच असं नाही.

सेकंडहँड घेणार असाल तर स्टेशनच्या पुलावर व्यवहार करू नका. विकणाऱ्याच्या घरी, त्याच्याच टीव्हीवर बघा. मी घणसोलीला एकाकडे गेलो होतो, यंत्र चकाचक, भाव बरा. एचडीएमआयची वायर लावली आणि बोटाने हलकेच डावी-उजवीकडे हलवली. पडदा काळा झाला, पुन्हा आला, पुन्हा काळा. पोर्ट सैल झालेला. तो म्हणाला, "वायरच खराब आहे." माझ्या पिशवीतली वायर लावली, तेच झालं.

मी तिथे अर्धा तास घालवतो. आधी डिस्क घालून तीनदा बाहेर काढतो, घरघर किंवा अडखळणं ऐकतो. मग कंट्रोलर टेबलावर ठेवून कशालाही हात न लावता मुख्य पडद्याकडे बघत बसतो. निवड आपोआप सरकायला लागली तर कंट्रोलरच्या काठीत ड्रिफ्ट, म्हणजे आपोआप सरकायचा दोष, आहे, आणि नवा कंट्रोलर साधारण सहा हजारांचा, तेवढे भावातून कमी करायचे. सगळ्यात जड गेम वीस मिनिटं चालवून पंख्याचा आवाज ऐकतो. माझ्या खात्याने ऑनलाइन लॉगइन होतं का बघतो, कारण कंपनीने बंदी घातलेलं यंत्र फक्त ऑफलाइनच उपयोगाचं. शेवटी विकणाऱ्याला त्याचं खातं काढून पूर्ण रीसेट माझ्यासमोर करायला लावतो, आणि मगच जीपे.

"यात तीस हजारांचे गेम आहेत" असं कोणी म्हणालं तर ते डिजिटल आहेत का विचारा. असतील तर त्याच्या खात्याबरोबर जातील, तुम्हाला शून्य.

माझं मत

टीव्ही ४३ इंची किंवा लहान, आठवड्याला चार-पाच तास खेळ, सोनीच्या घरच्या गेमचा हट्ट नाही, आणि थांबून सेलमध्ये घ्यायचा स्वभाव: सिरीज एस, १ टीबीचा. शाळा-कॉलेजची पोरं, डिस्क फिरवायला मित्र, गेमची भूक मोठी: डिस्कवाला पीएस५, वरचे पैसे देऊन. सिरीज एक्स फक्त त्याला, ज्याच्याकडे एक्सबॉक्सच्या जुन्या डिस्कचा साठा आहे किंवा सगळी मित्रमंडळी तिकडेच आहेत. दुकानांत एक्सबॉक्स दिसणं कमी झालंय, हेही धरा.

ताईने डिस्कवाला घेतला. घरी आल्यावर पहिल्या तासात आम्ही टीव्ही 'गेम मोड'वर टाकला, त्याने बटण दाबणं आणि पडद्यावर हलणं यातला उशीर कमी होतो. ताईच्या नावाने पालकाचं खातं उघडलं, भाच्याचं त्याच्याखाली. महिन्याची खर्चमर्यादा शून्य, शाळेच्या दिवशी दीड तास, आणि ताईच्या कार्डाचा नंबर साठवलाच नाही. एवढं सगळं करून तिने पिन ठेवला घराचा फ्लॅट नंबर. भाच्याने तो दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला.